चेलेस्तीनोला फळ आलं

झाडूखाली काहीतरी गडगडलं, तेव्हा सेवेरीनाला आधी वाटलं की मांडवावरची द्राक्षं असतील. काळ्या द्राक्षांचे चुकार मणी नोव्हेंबर उजाडला तरी गळत राहतात, त्यात नवल नाही. पण द्राक्ष पायाखाली फुटतं, डाग पाडतं. हे फुटले नाहीत. झाडूच्या काड्यांतून निसटून टणटण उड्या मारत फरशीवरून नळापर्यंत गेले, आणि एक तिच्या सपातेखाली असा आला की भिंत हाताशी नसती तर आज तिच्या तिन्ही मुली काळे कपडे शोधत बसल्या असत्या. तिने एक मणी उचलला. काळसर निळा, वर पिठाचा हात लागल्यासारखी पांढुरकी झाक, एका बाजूने दबलेला, घेवड्याच्या दाण्यासारखा. नखाने खरवडला. मग चावून पाहिला. या वयात उरलेल्या दातांनी काय चावावं याचा विचार करायला हवा होता, पण न चावता एखादी वस्तू काय आहे हे तिला आजवर कधी कळलं नव्हतं. कडू नाही, गोड नाही, नुसता दगड. तेव्हा कुठे तिने मान वर केली. वर, पंख्यासारख्या पानांच्या बुडाशी, जिथे ते तपकिरी केसाळ खोड संपतं, तिथे निळ्या मण्यांचे घोस लोंबत होते, चांगले भरघोस, आणि एकावर बसून कस्तूर पक्षी निवांत न्याहारी करत होता. चेलेस्तीनोला फळ आलं होतं.

ती दगडी बाकावर बसली. झाडू गुडघ्यांत धरून. रागवावं की हसावं हे ठरत नव्हतं आणि दोन्हींच्या आधी आत कुठेतरी एक उत्सुकता जागी होत होती, बंद डब्यात काय आहे ते हलवून बघावं तशी. चेलेस्तीनो बाप्या होता. हे तिला माहीत होतं, गल्लीला माहीत होतं. सरोवराकाठच्या लोकार्नो शहरात ताडाचं झाड म्हणजे अप्रूप नव्हे, बर्फ पडो की धुकं, घरटी एक उभा असतो, आणि इतकी वर्षं त्यांच्याकडे कुणी वळून पाहिलं नव्हतं. आता मात्र नगरपालिकेला जाग आली होती. पक्षी बिया नेतात, वर डोंगरात चेस्टनटच्या रानात ताडाची पोरं माजलीत, खाली उजेड पोचू देत नाहीत, तेव्हा ज्या ताडाला फळ धरतं तो तोडायचा. नराला हात लावायचा नाही, मादी आडवी करायची. कांदोल्फी नावाची बाई गल्लोगल्ली फिरून पाहणी करत होती, आणि उद्या सकाळी ती या गल्लीत यायची होती. शेजारच्या इनेसचा ताड मागच्या आठवड्यात गेला. इनेस कुंपणाशी डोळे पुसत होती तेव्हा सेवेरीना म्हणाली होती, की अगं, बाईची जात, तिच्यावर कुऱ्हाड पडायचीच. माझ्याकडे येऊ दे त्या बाईला, माझा बाप्या आहे, आल्या पावली परत जाईल. त्यावर इनेस नुसती बघत राहिली होती. इनेसच्या वरच्या खिडकीतून चेलेस्तीनोचा शेंडा अगदी समोर दिसतो, हे सेवेरीनाला आत्ता, बाकावर बसल्या बसल्या, आठवलं.

नाव तिनेच ठेवलं होतं. म्हणजे नाव तयारच होतं, घ्यायला कोणी आलं नाही. थोरल्या मुलाला आज्याचं नाव द्यायचं, ही नवऱ्याच्या, रेमोच्या, घरची रीत, आणि रेमोच्या बापाचं नाव चेलेस्तीनो. लग्न होऊन ती ओन्सेर्नोनेच्या खोऱ्यातून खाली शहरात आली, चार बुकं शिकलेली, हातात बळ आणि तोंडात धार, त्या दिवसापासून ते नाव घरात कोनाड्यात ठेवलेल्या दिव्यासारखं तेवत होतं. आधी नीव्हेस झाली. मग लोरेदाना. दोघींच्या वेळी सासूबाईंनी, क्लोतिल्देंनी, पाळण्यात डोकावून नुसतं बरं म्हटलं. तिसरीच्या वेळी तेही म्हटलं नाही. मिर्ता झाल्याच्या चौथ्या का पाचव्या दिवशी रेमो टोमॅटोच्या रिकाम्या डब्यात एक रोप घेऊन आला, दोन पंखे धड उघडलेले, तिसरा मिटलेल्या छत्रीसारखा, आणि खाटेजवळ डबा ठेवून म्हणाला, हा घे तुझा चेलेस्तीनो. तो थट्टेच्या आवाजात बोलला होता. ती हसली नव्हती. पण त्याच दुपारी, बाळंतिणीने उठू नये असं सगळ्या बजावत असताना, ती अंगणात गेली आणि जागा तिने दाखवली: दक्षिणेची भिंत पाठीशी, सरोवरावरचा वारा अडेल अशी, कारण थंडीला हे झाड भीत नाही, वाऱ्याला भितं, पानांच्या चिंध्या होतात. खड्डा रेमोने खणला. जास्त खोल पुरू नकोस, गळा उघडा राहू दे, असं तिने बाकावरून सांगितलं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. गळा उघडा राहावा हे तिचं सगळ्यांच्याच बाबतीत मत होतं.

रविवारी सासूबाई जेवायला यायच्या. रिझोतो वाढेपर्यंत गप्प बसायच्या आणि पहिल्या घासाला सुरू व्हायच्या, की तीन पोरी म्हणजे लग्नात द्यायच्या तीन पेट्या चादरी, तीन पेट्या टॉवेल, आणि शेवटी दारावरची पाटी दुसऱ्याची. एका रविवारी हे ऐकून सेवेरीनाची जीभ जी सुटली ती सुटलीच. आहे की मुलगा, ती म्हणाली, अंगणात उभा आहे. पीत नाही, उलट बोलत नाही, आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून बायकोची गाऱ्हाणी सांगत नाही. रेमो ताटात बघत राहिला होता. त्या दिवसानंतर चेलेस्तीनो घरातला माणूस झाला. चेलेस्तीनो वाढला, चेलेस्तीनोने या वर्षी इतके पंखे उघडले, चेलेस्तीनोला चुलीतली राख द्या, चेलेस्तीनोच्या बुडाशी पाणी साचू देऊ नका. पंच्याऐंशीच्या जानेवारीत थंडीने शहराचे नळ फुटले तेव्हा तिने त्याचे सगळे पंखे गोळा करून सुतळीने बांधले, लहान मुलाचे केस बांधावेत तसे, आणि शेंड्याच्या गाभ्यात पाणी गोठू नये म्हणून वर घोंगडी गुंडाळली. घोंगडी तिच्या आईची होती, चांगली लोकरीची. त्या रात्री मिर्ता खोकत होती. हे तिला आत्ता का आठवावं? मिर्ता बहुतेक हिवाळ्यांत खोकायची. घरात दुसरी पांघरुणं होती. होती ना? तिने मनातल्या मनात कपाट उघडून खालपासून फळ्या मोजायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या फळीशी थांबली.

पण फळ. झाडाला एका रात्रीत अक्कल फुटत नाही. पन्नास वर्षं काही नाही आणि आजच का? आधी तिला वाटलं की ही कोणाची तरी खोडी आहे, घोस आणून बांधलेत. पण कस्तूर फसत नाही. मग तिने तसा विचार करायला सुरुवात केली जसा ती आयुष्यभर डागांचा करत आली होती. ती हॉटेलच्या धुलाईघरात कामाला होती, आणि घरीही पाहुणघरांच्या चादरी आणून धुवायची. डाग कशाचा हे कळल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, नाहीतर तो पसरतो. तर, रेमो याच वर्षी लेंटच्या, ईस्टरआधीच्या उपासांच्या दिवसांत वारला. त्यानंतर हा पहिला उन्हाळा. म्हणजे जे काही होतं ते रेमोच्या हातात होतं. दर मे महिन्यात रेमो शिडी लावायचा. नराला पिवळा तुरा येतो, तो म्हणायचा, माशाच्या अंड्यांसारखा, त्याची पूड तुझ्या चादरींवर उडाली तर हॉटेलवाला तुला हाकलून देईल. उमलायच्या आत कापलेला बरा. ती खूश होती. चादरींची काळजी करणारा नवरा किती जणींना मिळतो. आणि तो ते नेहमी संध्याकाळीच करायचा, मे महिन्यात देवाच्या आईसाठी जपमाळ असायची तेव्हा, ती चर्चमध्ये असताना. त्याला पाद्रीबाबाचं तोंड बघायचं नसतं म्हणून शिडीचं निमित्त काढतो, अशी तिची समजूत होती आणि ती चर्चच्या पायऱ्यांवर बायकांना तसं सांगायचीसुद्धा. एकदा मात्र पाऊस आल्याने प्रार्थना लवकर आटोपली होती. ती घरी आली तर खताच्या खड्ड्यात तुरे पडले होते, आणि ते पिवळे नव्हते. हिरवे होते, कोवळ्या ज्वारीच्या दाण्यासारखे. तिने विचारलं होतं, हे हिरवे कसे? कोवळे कापले म्हणून, तो म्हणाला होता, आणि लगेच पावसात हात धुवायला गेला होता. नळ दोन हातांवर असताना, पावसात.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. पहिला तुरा आला तेव्हापासून. तिच्या कानशिलांत ऊन चढल्यासारखं झालं. इतकी वर्षं ती टेबलाशी, कुंपणाशी, चर्चच्या पायऱ्यांवर माझा चेलेस्तीनो, माझा चेलेस्तीनो करत होती आणि हा गडी मागे उभा राहून ऐकत होता. हसत होता का? तिने त्याचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. रेमो सरोवरातल्या बोटींवर दोर टाकायचा, धक्क्याला बोट लागताना जसा चेहरा करायचा तसाच घरीही असायचा, अंतर मोजणारा. हसणं त्यात आठवेना. सासूबाई होत्या तोवरचं समजू शकत होती ती. क्लोतिल्देंना कळलं असतं तर त्यांनी सगळ्या लोकार्नोला सांगितलं असतं की हिला लाकडाचा मुलगा दिला तर त्याचीही मुलगी झाली. तेवढं त्याने झाकलं, ठीक. पण क्लोतिल्दे जाऊन कितीतरी वर्षं लोटली. मग कोणासाठी चढत होता तो? गुडघे दुखायला लागल्यावरही? आणि इथे तिचा विचार एकदम अडखळला. गेली काही वर्षं रेमोला बसची पायरी चढताना तिचा खांदा लागायचा. तो शिडीवर चढलाच कसा?

भिंतीशी अक्रोड झोडायची काठी होती. तिने ती उचलून पाहिली. घोस एवढेच घालवले की झालं. उद्या बाई येईल, वर बघेल, पानं दिसतील, सेवेरीना सांगेल बाप्या आहे, आणि सेवेरीनाचा शब्द आजवर या गल्लीत कोणी उलटून विचारलेला नाही. काठी पहिल्या मजल्याच्या खिडकीपाशीच संपली. वर, दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरी हात न पोचेल इतक्या उंचीवर, कस्तूर थांबला, तिच्याकडे बघून मान वाकडी केली आणि पुन्हा खायला लागला. तू जन्मभर खाशील, ती त्याला म्हणाली, आणि घाण रानात करशील. मग तिने मिर्ताला फोन केला. नीव्हेस बेलिंझोनाला आणि लोरेदाना त्याहून लांब, जवळ राहिलेली काय ती मिर्ता. शहराची बस चालवायची, पन्नाशीला आलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, कमी बोलणारी. आईला बोलण्याची हौस म्हणून हिच्या वाटणीचं बोलणंही देवाने आईलाच दिलं, असं सासूबाई म्हणायच्या. त्यांचं एवढं एकच वाक्य सेवेरीनाला कधी खोडता आलं नव्हतं.

दुपारची पाळी संपवून मिर्ता आली, कामाच्या कोटातच. अंगणात उभी राहून तिने वर पाहिलं, खाली पाहिलं, फरशीवरचा एक मणी पायाच्या बोटाने बाजूला केला. तिला काहीच नवल वाटलं नाही, आणि सेवेरीनाला तेच आधी दिसलं. आत येऊन मिर्ताने कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवलं आणि ताटलीतलं भाजलेलं चेस्टनट सोलायला घेतलं.

"तुला माहीत होतं," सेवेरीना म्हणाली.

"चौदाची होते. बाबांनी शिडी धरायला बोलावलं. आधी ते वर, मी खाली. मग त्यांचे गुडघे गेले, तेव्हा मी वर, ते खाली."

"आणि तू मला बोलली नाहीस."

"त्यांनी नको सांगितलं होतं." मिर्ताने सालीखालचा पातळ पापुद्रा काढला, नीट, एका तुकड्यात. "ते म्हणायचे, तिसरी झाली हे मीच आत जाऊन तिला सांगितलं होतं. तिने भिंतीकडे तोंड केलं. चौथीचं सांगायला मी काही परत जाणार नाही."

हे ती अशा आवाजात बोलली जसं कोणा दुसऱ्याच घरातल्या तिसरीबद्दल असावं. कॉफी वर आली, गुरगुरली, उतू जायला लागली, आणि दोघींपैकी कोणीच उठेना. सेवेरीनाला ती भिंत दिसत होती. चुन्याची, खाटेच्या उंचीवर पाठ टेकून टेकून तुळतुळीत झालेली, आणि एक भेग होती, वर जाऊन दोन फांद्या झालेली. त्या भेगेकडे ती किती वेळ बघत होती कोण जाणे. मागे रेमो उभा होता. त्याच्या हातात काहीतरी होतं जे मांजरीच्या पिल्लासारखं बारीक आवाज करत होतं. माणूस वळतं कुठे आणि त्याची पाठ कोणाला दिसते, हे वळताना कुठे कळतं.

"तुझ्याकडे पाठ नव्हती केली," ती म्हणाली. "रविवारी तुझ्या आजीला काय उत्तर द्यायचं ते जुळवत होते."

मिर्ताने मान वर केली. "जुळलं?"

"नाही. जन्मात पहिल्यांदा."

मिर्ता हसली नाही, पण सोललेलं चेस्टनट तिने स्वतःच्या तोंडात टाकण्याऐवजी आईच्या पुढ्यात ठेवलं. मग उठून शेगडी बंद केली, सांडलेली कॉफी पुसली. सेवेरीनाने विचारलं की मग या वर्षी का नाही कापलं? बाप गेला म्हणून शिडीही गेली का?

"कापणार होते," पाठमोरीच मिर्ता म्हणाली. "मग म्हटलं, बघू तरी आई कधी वर बघते."

अंगणातला उजेड तोवर उतरला होता, पण अजून होता. मिर्ता म्हणाली की हवं तर आत्ता चढते, दोन घावांत खाली, उद्या त्या बाईला सांग बाप्या आहे, इतकी वर्षं खपलं तसं खपेल. नाही तर ती बाई झाड तोडून टाकेल, तेही खरं. सेवेरीनाने मक्याचा पोलेंटा ढवळायचा आहे, उद्या बघू असं म्हटलं. पोलेंटा ढवळताना तिने खिडकीतून त्या झाडाकडे असं पाहिलं जसं पाहुण्या बाईला चोरून न्याहाळावं. काही बदललं नव्हतं. तेच केसाळ खोड, खालच्या वाळक्या पानांचा तोच घागरा जो तिला नेहमी जाड्या गड्याच्या मळक्या कोटासारखा वाटत आला होता. घागरा. हा शब्द तिच्या मनात आपोआप आला आणि तिने चमचा थांबवला. मग इतकी वर्षं ही काय करत होती? दर वसंतात हिने तुरे काढायचे आणि दर वसंतात ते कोणीतरी छाटायचं, एक शब्द न बोलता, आणि पुढच्या वर्षी पुन्हा काढायचे. कंटाळली नाही. रुसली नाही. दुसऱ्याच्या नावाला ओ देत उभी राहिली. सेवेरीनाला जिद्द ओळखता यायची, कारण ती तिला रोज आरशात दिसायची. पण ही तिच्यातली नव्हती, ही न बोलणारी होती. अशी घरात आणखी कोण आहे हे तिला शोधावं लागलं नाही. ती टेबलाशी बसून ताटल्या मांडत होती.

सकाळी मिर्ता सुट्टी टाकून आली. तळघरातून शिडी काढून तिने ती खोडाला टेकवून ठेवली होती आणि हातात वाकडी सुरी होती, रेमोची. शेवटचं विचारते, तिने म्हटलं. तेवढ्यात घंटी वाजली. सेवेरीनाने एप्रन झटकला, केस मागे सारले आणि दार उघडायला स्वतः गेली. कांदोल्फी बाई चिखलाच्या बुटांची, गोड बोलणारी, असल्या कामाला गोडच बोलणारी लागते. सिन्योरा, तुमचा नर आहे असं शेजारून कळलं, म्हणत ती अंगणात आली आणि मान वर करणार, तोच सेवेरीनाने तिच्या दंडाला धरलं.

"वर बघायची गरज नाही," ती म्हणाली. "मुलगी आहे. माझी चौथी."

बाईने तरीही पाहिलं, नोकरी होती. मग हळू आवाजात सांगितलं की असं असेल तर तोडावी लागते. एकच सवलत आहे, दर वर्षी फळ धरायच्या आत तुरे कापायची हमी कोणीतरी द्यायची, आणि पहिल्यांदा चुकलं की कुऱ्हाड. तिने सेवेरीनाच्या पांढऱ्या डोक्याकडे, मग सपातांकडे पाहिलं. कापणार कोण, सिन्योरा? तुम्ही?

"वर ही चढेल. खाली मी."

"आणि मे महिन्याची जपमाळ?" मिर्ताने विचारलं.

"देवाच्या आईला मुलगी नव्हती," सेवेरीना म्हणाली. "ती समजून घेईल."

कांदोल्फी बाई खोकल्यासारखं हसली आणि म्हणाली की मग हे घोस आत्ताच, माझ्यासमोर उतरवा. मिर्ता चढायला लागली. सेवेरीनाने दोन्ही हातांनी शिडी धरली. इतक्या वर्षांत तिने ही शिडी कधी धरली नव्हती. लाकूड थंड होतं आणि जिथे रेमोचे हात असायचे तिथे गुळगुळीत झालेलं होतं, बरोबर तिच्या खांद्याच्या उंचीवर. वर मिर्ताने पाय उचलला की त्याचा धक्का लाकडातून उतरून तिच्या तळव्यांत येत होता. एक, थांबून दुसरा, मग वजन सरकल्याची लहर. असं दुसऱ्या कोणाचं हलणं आपल्या अंगात कळण्याला फार वर्षं झाली होती. त्या वेळी पोटात कोण आहे याची तिला केवढी उत्सुकता असायची, आणि बाहेर आल्यावर तिने एकच गोष्ट विचारली होती, मुलगा की मुलगी. पहिला घोस एप्रनमध्ये पडला, वाटला होता त्याहून जड. कस्तूर ओरडत कुंपणापलीकडे गेला.

"आता नाव बदलणार?" वरून मिर्ताने विचारलं.

"पन्नास वर्षं हाक मारल्यावर? नाव तेच. पुढे बाई लावेन."

सुरी पुन्हा चालली. पानांतून तंतू, वाळकी साल, कोणा पक्ष्याच्या जुन्या घरट्याच्या काड्या खाली यायला लागल्या. मिर्ताच्या बुटांचे तळवे आतल्या कडेला झिजलेले होते, अगदी रेमोचे झिजायचे तसे, आणि हे तिने आजवर पाहिलं नव्हतं.

"आई, वर बघू नकोस," मिर्ता म्हणाली. "डोळ्यांत कचरा जाईल."

"जाऊ दे," सेवेरीना म्हणाली, आणि शिडी घट्ट धरून वर बघत राहिली.